विश्लेषण : एकही शब्द नसलेले पुस्तक! मार्क ट्वेन यांनी कात्रणवहीचे पेटंट कशासाठी घेतले?

‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबेरी फिन’ या कादंबऱ्यांचे लेखक म्हणून मार्क ट्वेन जगाला माहीत आहेत. त्यांच्या नावावर तीन अमेरिकी पेटंटे होती, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. या तिन्हींपैकी बाजारात खऱ्या अर्थाने चालली ती एकच वस्तू, पानांना आधीच डिंक लावलेली कात्रणवही. वाचन, कात्री आणि डिंक यांच्याशी ट्वेन यांचा संबंध बालपणापासूनचा होता. त्यातून त्यांना पुस्तक मिळाले, पैसा मिळाला आणि पुढे दिवाळखोरीपर्यंत नेणारा आत्मविश्वासही मिळाला. तो प्रवास कसा घडला, याविषयी...

छापखान्यात वाचनाची गोडी कशी लागली?

मार्क ट्वेन यांचे मूळ नाव सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल या गावात ते वाढले. १८४७ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा ते ११ वर्षांचे होते. लवकरच शाळा सुटली आणि ते गावातल्या एका छापखान्यात उमेदवारी करू लागले. मोबदला म्हणजे दोन वेळचे जेवण आणि कपडे, रोख पगार नाही. पुढे थोरले भाऊ ओरायन यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले आणि सॅम्युअल तिथे खिळे जुळवू लागले.

त्या काळच्या गावोगावच्या वृत्तपत्रांचा बराचसा मजकूर दुसऱ्या वृत्तपत्रांतून उचललेला असे. संपादकांना एकमेकांकडे अंक टपालाने फुकट पाठवता येत. १७९२च्या टपाल कायद्यानेच ही सोय दिली होती. आलेल्या अंकांतला आवडलेला विनोद, कविता, प्रवासवर्णन कात्रीने कापायचे आणि खिळे जुळवणाऱ्याच्या हाती द्यायचे, ही रोजची पद्धत. त्यामुळे देशभरातला मजकूर या मुलाच्या बोटांखालून अक्षर-अक्षर करून जात होता. कोणते वाक्य पकड घेते आणि कोणते रेंगाळते, हे त्याला खिळे जुळवतानाच कळू लागले. १८५३ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी, घर सोडून ते न्यूयॉर्कला गेले. तिथे दिवसभर छापखान्यात काम केल्यावर संध्याकाळी ते मुद्रण कामगारांच्या मोफत ग्रंथालयात जाऊन बसत.

कात्रणांतून पुस्तक कसे तयार झाले?

नदीवरच्या आगबोटीचे सुकाणू सांभाळण्याचा परवाना त्यांनी १८५९ मध्ये मिळवला, पण यादवी युद्धाने हा व्यवसाय थांबवला. मग ते ओरायन यांच्यासह पश्चिमेला नेवाडा प्रांतात गेले आणि व्हर्जिनिया सिटी येथील वृत्तपत्रात वार्ताहर झाले. मार्क ट्वेन हे टोपणनाव त्यांनी १८६३ मध्ये तिथेच घेतले.

१८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ या बोटीने युरोप आणि पॅलेस्टाइनच्या सहलीला ते वार्ताहर म्हणून गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अल्टा कॅलिफोर्निया’ या दैनिकाने त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला आणि बदल्यात त्यांची प्रवासपत्रे छापली. परतल्यावर या पत्रांचे पुस्तक करायचे ठरले, पण पत्रांचे हक्क वृत्तपत्राकडे होते आणि त्याच्या मालकांचाही पुस्तक काढण्याचा विचार होता. ट्वेन स्वतः सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि त्यांनी परवानगी मिळवली. मग छापील पत्रांची कात्रणे कागदांवर चिकटवून, समासात खाडाखोड आणि भर घालून त्यांनी मजकूर घडवला. ‘द इनोसंट्स अॅब्रॉड’ हे पुस्तक १८६९ मध्ये बाहेर पडले आणि त्याने त्यांना देशभर प्रसिद्धी दिली. पश्चिमेतल्या दिवसांवरचे ‘रफिंग इट’ हे पुढचे पुस्तक लिहितानाही ओरायन यांनी जपून ठेवलेल्या कात्रणवह्या त्यांच्या हाताशी होत्या.

म्हणजे कात्रणे चिकटवणे हा त्यांच्यासाठी रिकामपणचा छंद नव्हता. कात्रणवही हरवली असती, तर पुस्तकाचा कच्चा मालच हरवला असता.

मग अडचण कोणती होती?

कात्रणवह्यांचे वेड त्या काळी अमेरिकेत घरोघरी होते. वृत्तपत्रे स्वस्त झाली होती, पुस्तके मात्र अनेकांना परवडत नव्हती. त्यामुळे गृहिणी, विद्यार्थी, धर्मोपदेशक, राजकीय कार्यकर्ते आवडलेला मजकूर कापून स्वतःचे पुस्तक तयार करीत. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुसान अँथनी यांच्या कात्रणवह्या आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. कोरी वही विकत घेणे जमत नसे तेव्हा जुन्या हिशेबवहीची पाने वापरली जात.

खरा त्रास चिकटवण्याचा होता. घरी शिजवलेली पिठाची खळ दोन दिवसांत आंबते, तिच्यात गुठळ्या होतात, वाळल्यावर पान आक्रसते आणि तिच्या वासाने किडे येतात. बाटलीतला डिंक ऐन वेळी सुकलेला असतो. ब्रश कडक झालेला असतो. जास्त लागला तर डिंक कडेने बाहेर येऊन शेजारची दोन पाने कायमची चिकटतात. ज्यांनी लहानपणी वृत्तपत्रातली क्रिकेटपटूंची छायाचित्रे वहीत लावली आहेत, त्यांना ही कसरत वेगळी सांगायला नको.

ट्वेन यांनी काय शोधले?

१८७२च्या उन्हाळ्यात ट्वेन कुटुंबासह कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर राहत होते. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचा दीड वर्षाचा मुलगा लँग्डन घटसर्पाने दगावला होता. ऑगस्टमध्ये त्यांनी ओरायन यांना पत्र लिहून नव्या कात्रणवहीची कल्पना कळवली. शोध आपलाच आहे याचा तारखेसह पुरावा राहावा, म्हणून पत्राचे टपालाचा शिक्का असलेले पाकीटही जपून ठेवायला सांगितले.

कल्पना साधी होती. वहीच्या पानांवर आधीच डिंकाचा थर द्यायचा आणि तो वाळू द्यायचा. वापरणाऱ्याने कात्रणाच्या आकाराएवढाच भाग ओला करायचा आणि कात्रण दाबून बसवायचे. टपाल तिकिटाला मागून डिंक असतो, इथे तो कात्रणाऐवजी पानाला लावला. बाटली नको, ब्रश नको, खळ शिजवणे नको. २४ जून १८७३ रोजी या सुधारणेला अमेरिकेचे १,४०,२४५ क्रमांकाचे पेटंट मिळाले. ट्वेन तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्याआधी १८७१ मध्ये कपडे सैल-घट्ट करण्याच्या पट्ट्याचे पेटंट त्यांनी घेतले होते. पुढे १८८५ मध्ये ऐतिहासिक सनावळ्या लक्षात ठेवण्याच्या खेळाचे घेतले. यांपैकी कोणतेही कात्रणवहीइतके चालले नाही.

वही किती खपली?

वही तयार करून विकण्याचे काम डॅनियल स्लोट यांच्या न्यूयॉर्कमधील कंपनीकडे गेले. स्लोट यांचा व्यवसाय कोऱ्या वह्यांचा होता आणि ‘क्वेकर सिटी’च्या सहलीत ते ट्वेन यांच्याच खोलीत होते. वहीवर मार्क ट्वेन हे नाव ठळक छापले गेले. जाहिरातीसाठी ट्वेन यांनी गमतीदार पत्र लिहिले. डिंक सापडला नाही की माणसे शिव्या देतात, आपली वही वापरली तर तेवढे पाप टळेल, असा त्याचा आशय होता. लहान-मोठ्या आकारांत निघालेल्या या वह्यांच्या २५ हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

आपली पुस्तके तोलून पाहणाऱ्या समीक्षकांना चिडवायला ट्वेन यांच्या हाती हे चांगले साधन होते. वाचकाने स्वतःच भरायच्या या पुस्तकात चुका काढायला जागाच नव्हती. खुद्द त्यांनी कात्रणवहीच्या वेडाचीही टर उडवली. ‘हकलबेरी फिन’मधील एमेलिन ही मुलगी वृत्तपत्रातल्या मृत्यूच्या आणि अपघातांच्या बातम्या वहीत चिकटवते आणि त्यांवर शोककविता रचते. घरोघरी कात्रणवह्या पाहिलेल्या वाचकाला ती लगेच ओळखीची वाटली असणार.

या यशाची किंमत काय मोजावी लागली?

स्लोट यांची कंपनी १८७८ मध्ये अडचणीत आली. थोड्याच काळापूर्वी ट्वेन यांनी त्यांना पैसे उसने दिले होते. तरीही १८८० मध्ये चित्रांचे ठसे करण्याच्या ‘काओलाटाइप’ या नव्या पद्धतीत त्यांनी स्लोट यांच्यामार्फतच पैसे गुंतवले. ती पद्धत चालली नाही. वहीच्या हिशेबातही आपल्याला फसवले गेले, अशी ट्वेन यांची समजूत झाली आणि एका खोलीत राहून सुरू झालेली मैत्री कडवटपणात संपली.

त्याहून मोठा फटका पुढे होता. एका छोट्या युक्तीने पैसा आला, तर मोठ्या यंत्राने किती येईल, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का झाला. जेम्स पेज यांनी खिळे आपोआप जुळवणारे यंत्र तयार करायला घेतले होते. ज्या मुलाने उमेदवारीत एकेक खिळा हाताने उचलला होता, त्याला या यंत्राचे मोल इतरांपेक्षा लवकर कळले. पण यंत्रात हजारो सुटे भाग होते आणि ते सतत बिघडे. पेज सुधारणा करीत राहिले, ट्वेन वर्षानुवर्षे पैसे ओतत राहिले आणि दरम्यान मर्गेनथेलर यांच्या लायनोटाइप यंत्राने बाजार काबीज केला. पत्नी ऑलिव्हिया यांच्या माहेरून आलेला पैसाही त्यात गेला. १८९४ मध्ये त्यांच्या प्रकाशन संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली.

कात्रणवही आणि यंत्र यांतला फरक इथे लक्षात येतो. वहीची अडचण ट्वेन यांनी स्वतः रोज अनुभवली होती, उपाय साधा होता आणि तो पहिल्याच दिवसापासून चालत होता. यंत्राच्या बाबतीत गरज खरी असली, तरी उपाय दुसऱ्याच्या हाती होता आणि तो कधीच पुरा झाला नाही.

मुंबईशी काय संबंध?

कायद्याने सुटका शक्य असतानाही सगळे कर्ज फेडायचे, असे ट्वेन यांनी ठरवले. त्यासाठी १८९५ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, ते जगभर व्याख्याने द्यायला निघाले. जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईत उतरले. सर्दी-खोकल्याने आजारी असूनही त्यांनी इथे व्याख्याने दिली आणि पुढे बडोद्यालाही गेले. शहरातल्या गर्दीचे रंग आणि खिडकीशी येणारे कावळे यांचे वर्णन त्यांनी ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या १८९७च्या पुस्तकात केले आहे. या पुस्तकातही जुनी सवय दिसते. ठगांविषयी लिहिताना त्यांनी स्लीमन यांच्या अहवालातले लांबलचक उतारे घेतले आणि त्यांना आपल्या निवेदनाने जोडले.

दौरा संपवून ते इंग्लंडला पोहोचले आणि ऑगस्ट १८९६ मध्ये त्यांची २४ वर्षांची मुलगी सुझी अमेरिकेत मेंदूज्वराने गेली. तिच्या अखेरच्या क्षणी आई-वडील दोघेही जवळ नव्हते. १८९८ मध्ये कर्ज पूर्ण फिटले. १९०४ मध्ये ऑलिव्हिया गेल्या आणि २१ एप्रिल १९१० रोजी कनेक्टिकटमधील रेडिंग येथे ट्वेन यांचे निधन झाले.

आज या वहीचे महत्त्व काय?

ट्वेन यांच्या स्वतःच्या कात्रणवह्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बँक्रॉफ्ट ग्रंथालयात त्यांच्या इतर कागदपत्रांसोबत जपल्या आहेत. वृत्तपत्रांतील त्यांचे सुरुवातीचे लेखन शोधताना अभ्यासकांना अशा वह्यांचा उपयोग होतो, कारण अनेक जुन्या अंकांच्या मूळ प्रती आता उरलेल्या नाहीत. एका घरात कोणी तरी वेळेवर कात्री चालवली, म्हणून तो मजकूर वाचला.

वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी, कात्रणे, तिकिटे, वाळलेली पाने आणि रंगीत चिकटपट्ट्या एकाच वहीत लावण्याची आवड आता पुन्हा वाढते आहे. अशी वही करणाऱ्यांसाठी जुन्या वह्यांचा एक व्यावहारिक धडा आहे. वृत्तपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो आणि सुकलेला डिंक दमट हवेत पुन्हा ओलावा धरतो. त्यामुळे आम्लविरहित कागद वापरावा, डिंक बेताने लावावा आणि वही कोरड्या जागी ठेवावी. प्रत्येक कात्रणाशेजारी वृत्तपत्राचे नाव आणि तारीख लिहायलाही विसरू नये. पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपायला सांगणाऱ्या ट्वेन यांना तारखेचे महत्त्व नेमके कळले होते.