चार्ल्स डेना गिब्सन
चार्ल्स डेना गिब्सन (१४ सप्टेंबर, १८६७:रॉक्सबरी, मॅसेच्युसेट्स – २३ डिसेंबर, १९४४:न्यू यॉर्क) हे अमेरिकन चित्रकार होते. १८८६मध्ये लाइफ या विनोदी साप्ताहिकाने त्यांचे पहिले चित्र विकत घेतले. १८९०च्या दशकात त्यांनी टाकाने रेखाटलेली उंच, बारीक कमरेची, आत्मविश्वासी तरुणी 'गिब्सन गर्ल' म्हणून गाजली. वाचक स्त्रिया तिच्या केशरचनेचे व पोशाखाचे अनुकरण करू लागल्या. ती सायकल चालवी, पुरुषांची फजितीही करी. मताधिकाराच्या चळवळीत मात्र गिब्सन यांनी तिला क्वचितच दाखवले. १९०३मध्ये कॉलियर्स नियतकालिकाने त्यांच्याशी १०० चित्रांसाठी १,००,००० डॉलरचा करार केला. पहिल्या महायुद्धानंतर गिब्सन लाइफचे मालक झाले. त्याच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांवर पुढे आखूड केसांच्या 'फ्लॅपर' तरुणीने गिब्सन गर्लची जागा घेतली.