र. धों. कर्वे : गुप्तरोगावर उघडपणे लिहिणारा गणिताचा मास्तर

१४ ऑक्टोबर. र. धों. कर्वे म्हणजेच रघुनाथ धोंडो कर्वे यांचा स्मृतिदिन. महर्षी कर्व्यांचं नाव शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्या या थोरल्या मुलाचं नाव घेताना आजही काही जण आवाज खाली करतात. कारण त्यांनी हात घातला तो विषयच तसा होता.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या. पुढे वडिलांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाचा रोष ओढवून घेतला. समाज वाळीत टाकतो म्हणजे काय करतो, हे पोरानं लहानपणीच पाहिलं. अभ्यासात मात्र हुशार. १८९९ साली मॅट्रिकला पहिला नंबर, मग फर्ग्युसन कॉलेजातून पदवी, नंतर गणिताचं पुढचं शिक्षण थेट पॅरिसला. परत येऊन मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. चांगली नोकरी, मानाचं काम. गप्प बसले असते तर जन्म सुखात गेला असता.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी असंच केंद्र काढलं तेही याच वर्षी. पत्नी मालतीबाई या कामात बरोबरीनं उभ्या राहिल्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि रघुनाथरावांनी नसबंदी करून घेतली. त्या काळात पुरुषानं असं करणं! आज २०० घरांच्या गावात तशी माणसं शोधून पाहा, किती सापडतात.

कॉलेज ख्रिस्ती मिशनचं. हा प्रचार चालणार नाही असं सांगण्यात आलं आणि १९२५ साली नोकरी गेली. पण काम काही त्यांनी सोडलं नाही.

बहुतेक लोक कर्व्यांना फक्त संततिनियमनापुरतं ओळखतात. पण त्यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ नावाचं पुस्तकही लिहिलं होतं. गरमी आणि परमा हे तेव्हाचे मोठे रोग. गरमीत आधी गुप्तांगावर न दुखणारी जखम होते आणि काही आठवड्यांत ती आपोआप बुजते. माणसाला वाटतं, सुटलो. पण रोग अंगात तसाच राहतो आणि काही वर्षांनी हृदय, मेंदू यांच्यावर उलटू शकतो. गरोदर बाईला असेल तर मूल पोटात दगावू शकतं. परम्याचं तर आणखी वाईट. बाईला बहुतेक वेळा काही त्रासच जाणवत नाही, आणि पुढे मूल राहत नाही म्हणून बोल मात्र तिलाच लागतो. औषध म्हणावं तर जुना उपाय पाऱ्याचा, तो अंगालाच बाधायचा. १९१० नंतर सोमलापासून बनवलेली इंजेक्शनं आली. पेनिसिलीन यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं.

कर्व्यांचं म्हणणं साधं होतं. हा रोग जंतूमुळे होतो, पापामुळे नाही. म्हणून त्याची माहिती लपवायची नाही, आणि रोग्याला शरमेनं मारायचं नाही.

शंभर वर्षांनी औषध सोपं झालं, शरम मात्र तीच आहे. अजूनही बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून बसलेल्या वैद्याकडे लोक जातात, हजारो रुपये घालवतात. खरं तर शासकीय जिल्हा रुग्णालयात यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथं समुपदेशक वेगळ्या खोलीत बोलतात, तपासणी आणि औषध मोफत मिळतं. ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती असेल, तर आपल्याच तालुक्याच्या दवाखान्यात गेलं पाहिजे असंही नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. १०९७ या मोफत नंबरवर फोन करून आधी नुसतं विचारताही येतं. एक मात्र ध्यानात ठेवा, नवरा-बायको दोघांनी औषध घेतलं नाही तर रोग पुन्हा फिरून येतो.

हीच विचारण्याची सोय कर्व्यांनी आपल्या मासिकात केली होती. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. वाचक जे घरात, डॉक्टरकडे, मित्राजवळही बोलू शकत नव्हते ते या मासिकाला विचारायचे आणि कर्वे न लाजता, न चिडता शास्त्रीय उत्तर द्यायचे. मासिकाच्या मुखपृष्ठावर उघड्या बाईचं चित्र असायचं, त्यावरून शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. ते चित्र नसतं तर मासिक आणखी चार घरांत गेलं असतं असं आम्हाला वाटतं. पण तडजोड हा त्यांचा स्वभाव नव्हता.

सरकारनं अश्लीलतेचे खटले भरले. १९३१ साली १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच पुन्हा खटला झाला. या वेळी कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक आपल्या शरीराबद्दल विचारतात, त्याला उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टानं तो मानला नाही. २०० रुपये दंड झाला. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती, आणि कर्व्यांकडे तर पक्की नोकरीही नव्हती.

तरी मासिक बंद पडलं नाही. पदरचे पैसे घालून, तोटा सोसून त्यांनी २६ वर्षं ते चालवलं. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ ला रघुनाथरावही गेले, तेव्हा वडील महर्षी कर्वे ९५ वर्षांचे होते आणि हयात होते. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतरच्या महिन्यात, नोव्हेंबरमध्ये निघाला.