कार्ल फॉन लिंडे : हवेचं पाणी करणारा इंजिनिअर

आकुर्डीच्या वर्कशॉपमधलं गॅस कटिंग असो वा रुग्णालयातली ऑक्सिजनची टाकी, हा ऑक्सिजन बहुतेक वेळा हवा थंड करूनच वेगळा काढलेला असतो. ही पद्धत कारखान्यापर्यंत नेणाऱ्या माणसाला कॉलेजची पदवी मिळाली नव्हती.

कार्ल फॉन लिंडे यांचा जन्म १८४२ साली जर्मनीतल्या बर्नडॉर्फचा. विद्यार्थी आंदोलनात भाग घेतल्यामुळे १८६४ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून त्यांना काढून टाकण्यात आलं. मग सूतगिरणीत उमेदवारी, पुढे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यांत नोकरी. तरीही काही वर्षांतच ते म्युनिकमध्ये प्राध्यापक झाले. डिझेल इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल हे त्यांचेच विद्यार्थी. बिअर कारखान्यांसाठी शीतयंत्रं बनवायला १८७९ मध्ये त्यांनी कंपनी काढली.

१८९५ मध्ये त्यांनी हवाच द्रवरूप केली. दाबलेली हवा अरुंद झडपेतून सुटली की थोडी थंड होते. ही थंड हवा त्यांनी आत येणाऱ्या हवेच्या नळीभोवती फिरवली. प्रत्येक फेरीत गारवा वाढत गेला आणि शेवटी हवेचं द्रव झालं.

नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ऑक्सिजन उणे १८३ अंशांना. या १३ अंशांच्या फरकावर लिंडे यांनी १९०२ मध्ये ऑक्सिजन वेगळा केला.

१९३४ मध्ये त्यांचं निधन झालं. २०२१ च्या कोविड लाटेत देशभर टँकरची वाट पाहिली जात होती, तेव्हा त्या टँकरमधला द्रव ऑक्सिजन याच तत्त्वावर तयार झालेला होता.