श्रीगोंद्याचे शेख महंमदबाबा



तेरच्या मातीत वाढलेल्या माणसाला गोरोबाकाकांच्या थापटण्याची कथा सांगावी लागत नाही. संतमेळ्यात त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून मडके पक्के की कच्चे ते पाहिले, आणि नामदेवमहाराज कच्चे ठरले. कारण त्यांना अद्याप गुरू भेटला नव्हता. आपल्या सूफींची कसोटी तरी याहून वेगळी कोठे आहे? मुर्शिदावाचून मुरीद पिकत नाही, असे तेही मानीत. आज ज्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे, ते शेख महंमद या दोन्ही कसोट्यांना उतरलेले पुरुष होते.

त्यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. परंपरेने त्यांचे गाव बीडकडील आष्टी भागातले वाहिरे सांगतात. वडिलांचे नाव राजेमहंमद, आईचे फुलाई. आईचे हे नाव जरा लक्षात ठेवा. आपल्या पणज्यांची नावे आठवून पाहा, म्हणजे ते परके वाटणार नाही.

त्यांना मुर्शिद लाभले ते चांद बोधले. हे कादरी परंपरेतले सूफी. त्यांची कबर दौलताबादेस आहे. एकनाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी हेही याच चांद बोधल्यांचे शिष्य, असे परंपरा मानते. ते धरले तर शेख महंमद हे नाथांच्या गुरूंचे गुरुबंधू होतात. पुढे शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांच्यावर श्रद्धा ठेवली आणि श्रीगोंद्यास त्यांच्या मठाची व्यवस्था लावून दिली. चमत्काराच्या कथा पुष्कळ आहेत. त्या येथे सोडतो. बाबांचा खरा चमत्कार त्यांच्या ग्रंथात आहे.

तो ग्रंथ ‘योगसंग्राम’. इ. स. १६४५ मध्ये पुरा झालेला, अठरा प्रसंगांचा, मराठी ओवीबद्ध. नावात संग्राम आहे, पण त्यात तोफा नाहीत की घोडदळ नाही. लढाई आहे ती माणसाच्या आतली: काम, क्रोध, मोह आणि सर्वांत चिवट असा अहंकार यांच्याशी. आपले बुजुर्ग ज्याला नफ्सशी झुंज म्हणतात, तीच ही. ती जिंकल्यावर ‘मी’ उरत नाही आणि साधक नामरूपाच्या पलीकडे जातो. सूफी ज्याला ‘फना’ म्हणतात, ती अवस्था बाबांनी नाथपंथी योगाच्या आणि वारकऱ्यांच्या शब्दांत सांगितली. ढोंगी गुरू, पोटभरू मुल्ला, कर्मठ पंडित, यांतल्या कोणालाही त्यांनी सोडले नाही.

येथे पालकांना एक विचारावेसे वाटते. मराठी शाळेत घातले तर मूल दीनापासून दुरावेल काय, ही काळजी आपल्यापैकी अनेकांच्या घरात बोलली जाते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आईबापांची काळजी सहसा खोटी नसते. पण शेख महंमदांकडे पाहा. त्या काळी मुसलमानाला ‘अविंध’, म्हणजे कान न टोचलेला, असे म्हणत, आणि त्यात थोडा हेटाळणीचा सूर असे. बाबांनी तोच शब्द आपल्या कवितेत स्वतःच्या नावापुढे लावला. नाव बदलले नाही, कूळ लपविले नाही, आणि सांगायचे ते मराठीतच सांगितले.

लपविण्याची पाळी कोणावर आली, तेही ऐका. इ. स. १४९२ मध्ये स्पेनमधले ग्रानाडा पडले. पुढे तेथील मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले आणि १५६७ च्या हुकुमाने ग्रानाडात अरबी भाषेलाच बंदी झाली. तरी काही घरांतून गुपचूप पोथ्या लिहिल्या जात. भाषा स्पॅनिश, अक्षरे मात्र अरबी. या लेखकांत अरेवालो गावचा एक तरुण होता. त्याचे खरे नावसुद्धा मागे उरले नाही. अरेवालोचा तरुण एवढीच त्याची ओळख. तो गावोगाव फिरून वृद्ध जाणत्यांना गाठी आणि त्यांच्याजवळची विद्या उतरून घेई. नवल असे की, अल्लाहच्या सान्निध्याची वाट सांगताना त्याने थॉमस अ केम्पिस या ख्रिस्ती साधूच्या ग्रंथातले उतारे फिरवून आपल्या पोथीत बसविले. ज्या धर्माच्या नावाने छळ चालला होता, त्याच धर्मातल्या साधूची भाषा त्याच्या उपयोगी पडली.

अखेर १६०९ पासून या लोकांना देशाबाहेर घालविण्यात आले. १८८४ मध्ये अल्मोनासिद दे ला सिएरा या गावी एक जुने घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा पोथ्यांचा मोठा साठा सापडला. ज्यांनी त्या लपविल्या, त्यांना परत येऊन त्या काढता आल्या नाहीत.

त्या हद्दपारीच्या वर्षांत इकडे निजामशाहीच्या मुलखात आपले शेख महंमद उघडपणे मराठीत उपदेश करीत होते. दोघांचा शोध एकच, पण एकाला जमीन खणावी लागली आणि दुसऱ्याला मठ मिळाला. बाबांनाही टीका चुकली नसेल. पण त्यांच्या ओव्या दोन्हीकडच्या लोकांनी ऐकल्या. महिपतीबुवांनी संतचरित्रांत त्यांना जागा दिली. विसाव्या शतकात वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे साहित्य संपादून छापले आणि रा. चिं. ढेरे यांनी १९६७ साली ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिले.

विद्यार्थ्यांनो, ‘योगसंग्राम’ मिळवून वाचा. भाषा जुनी आहे, पहिल्या काही पानांवर अडखळाल. मराठीच्या गुरुजींना बरोबर घ्या, आणि तसव्वुफचे शब्द आले की घरातल्या आजोबांना विचारा. बाबांची मजार श्रीगोंद्यास आहे. तिला कोणी दर्गा म्हणतो, कोणी समाधी.