वाफेऐवजी स्प्रिंग: आकिल्ले गाज्जाची गोष्ट आणि तुमच्या कॉफी मशीनचे पार्ट

मुरबाड-शहापूरकडच्या लग्नात जेवणाच्या मांडवाला लागून एक चकचकीत स्टीलचं मशीन हमखास असतं. फुस्स आवाज येतो, वाफेचा लोट उठतो, पेल्यात फेस चढतो, वर चॉकलेट पावडर पडते. पाटीवर लिहिलेलं असतं, एस्प्रेसो कॉफी. थंडीतल्या लग्नात दोन-तीन कप तुम्हीही रिचवले असतील.

खरं सांगायचं तर ती एस्प्रेसो नसते. त्या मशीनमध्ये पाणी उकळून वाफ तयार होते आणि ती वाफ नळीतून दूध, साखर आणि इन्स्टंट पावडरच्या मिश्रणात सोडली जाते. चव छान लागते, पण एस्प्रेसो बनते ती वेगळ्याच पद्धतीने. आणि ती पद्धत ज्या माणसामुळे जगाला मिळाली, त्याने कॉफीतून वाफेलाच बाहेर काढलं होतं. त्याचं नाव आकिल्ले गाज्जा. आपल्याकडे त्याच्या नावाचा ब्रँड लोक गॅगिया, गॅजिया असा काहीही वाचतात, पण इटालियन उच्चार गाज्जा असा आहे.

त्याची गोष्ट कळली, की कॅफेतलं मशीन का बिघडतं, कुठला पार्ट आधी जातो आणि लग्नातल्या मशीनपासून किती लांब उभं राहायचं, हे सगळं आपोआप कळतं.

गाज्जाच्या आधी काय होतं?

इटलीत कॉफीची घाई जुनीच. १८८४ मध्ये तुरिन शहरातल्या आंजेलो मोरिओंदोने वाफेवर कॉफी काढणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेराने एकेका गिऱ्हाइकासाठी ताजा कप काढणारं मशीन तयार केलं. पुढे देसिदेरियो पावोनीने ते धंद्यात उतरवलं. उभा पितळी बॉयलर, खाली आग, बाजूला नळ आणि मूठ. दिसायला एकदम राजेशाही.

अडचण एकच होती. कॉफी कडू आणि करपट लागायची.

कारण समजायला घरचा कुकर आठवा. कुकरचं झाकण बंद केलं की आत दाब वाढतो आणि दाबाबरोबर तापमानही वाढतं. दोघांना वेगळं करता येत नाही. त्या जुन्या मशीनमध्ये साधारण दीड बार दाब असायचा, म्हणजे बॉयलरमधलं पाणी १२५ अंशांच्या पुढे. चांगल्या कॉफीला पाणी हवं ९० ते ९६ अंशांचं. त्यापेक्षा गरम पाणी आणि वाफ पावडरवरून गेली की नको तो कडवटपणा उतरतो.

मग दाब अजून वाढवला तर? तेही जमत नाही. आज एस्प्रेसोसाठी ९ बार दाब वापरतात. तेवढा दाब फक्त वाफेने आणायचा तर बॉयलर १८० अंशांपर्यंत तापवावा लागेल. कॉफीचा कोळसा होईल आणि बॉयलर फुटला तर दुकानाचाही.

९ बार म्हणजे किती? पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ साधारण १ बार दाब देतो. म्हणजे ९० मीटर उंचीवर टाकी बसवली, तर खाली नळाला जेवढा जोर येईल तेवढा. तीस मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी समजा.

मिलानमधला बारवाला

आकिल्ले गाज्जाचा जन्म १८९५ चा, मिलानचा. तो इंजिनिअर नव्हता, घरचा कॉफी बार चालवायचा. काउंटरच्या मागे उभं राहून रोज शेकडो कप काढणाऱ्या माणसाला कॉफीची करपट चव जेवढी कळते तेवढी कारखान्यात बसून कळत नाही. गाज्जाचा शोध तिथून सुरू झाला.

त्याला कळलेली गोष्ट साधी होती. दाब आणि तापमान यांची गाठ सोडवायची. पाणी तापवायचं काम बॉयलरला द्यायचं आणि ढकलायचं काम दुसऱ्या कुणाला तरी. तो दुसरा म्हणजे पिस्टन. ही कल्पना त्याला एकट्यालाच सुचली असं नाही. मिलानमध्येच क्रेमोनेसी नावाच्या तंत्रज्ञाने पिस्टनवर आधी काम केलं होतं. पण ती कल्पना चालत्या दुकानात उभी करण्याची चिकाटी गाज्जाने दाखवली.

५ सप्टेंबर १९३८ ला त्याने पेटंटचा अर्ज केला. या पहिल्या यंत्रात पिस्टन स्क्रूसारखा फिरवत खाली न्यायचा होता. पाणी वाफेने नाही तर हाताच्या जोराने कॉफीतून जायचं. चव बदलली, पण दिवसभर स्क्रू फिरवणं म्हणजे दंडाची परीक्षाच. शिवाय वेळ फार जायचा.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. इटलीत कॉफी येणं जवळपास बंद झालं, लोक भाजलेल्या जवाचं आणि चिकोरीचं पाणी कॉफी म्हणून पिऊ लागले. १९४३ मध्ये मिलानवर मोठे बॉम्बहल्ले झाले. ज्याचा सगळा जीव कॉफीच्या मशीनमध्ये अडकलाय, त्या माणसाकडे ना कॉफी, ना धातू, ना गिऱ्हाईक. बऱ्याच जणांनी अशा वेळी विषय सोडून दिला असता.

हापसा उलटा केला की काय होतं?

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये गाज्जाने नवं पेटंट घेतलं. यावेळी स्क्रूच्या जागी दांडा आणि स्प्रिंग होती. अमेरिकन सैन्याच्या जीपचं इंजिन बघून त्याला हे सुचलं, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो नसो, यंत्र मात्र खरं होतं.

गावातला हापसा डोळ्यासमोर आणा. दांडा खाली केला की आत दट्ट्या हलतो, त्याच्या भोवतीचा वायसर पाणी अडवतो आणि पाणी वर येतं. गाज्जाच्या मशीनमध्येही दांडा, दट्ट्या आणि वायसर आहेत. फरक एवढाच की जोर तुमच्या हाताचा थेट लागत नाही. दांडा खाली ओढला की वरची जाड स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टनखालच्या जागेत गरम पाणी भरतं. दांडा हळू सोडला की स्प्रिंग मोकळी होते आणि पिस्टनला खाली ढकलते. पाणी ८ ते १० बारच्या दाबाने बारीक दळलेल्या कॉफीतून जातं. अर्ध्या मिनिटाच्या आत कप तयार.

कुणाच्याही दंडात कमी-जास्त ताकद असली तरी स्प्रिंगचा जोर तोच. त्यामुळे सकाळची कॉफी आणि संध्याकाळची कॉफी जवळपास सारखी लागू लागली.

आणि कपावर काहीतरी नवीनच दिसलं. सोनेरी-तपकिरी फेसाचा थर. जास्त दाबामुळे कॉफीतलं तेल आणि वायू मिसळून तो तयार होतो. लोकांना आधी शंका आली, हा कसला मळ तरंगतोय म्हणून. गाज्जाने तो लपवला नाही. उलट हीच कॉफीची साय आहे, असं सांगत त्याने ती विकायला सुरुवात केली. इटालियनमध्ये सायीला क्रेमा म्हणतात, आणि आज क्रेमा नसलेली एस्प्रेसो कुणी घेत नाही. आपलं मशीन वाफेशिवाय चालतं, हेच तो जाहिरातीत अभिमानाने सांगायचा.

भागीदारी, फारकत आणि लंडन

एकट्या बारवाल्याला कारखाना जमत नाही. १९४८ च्या सुमारास गाज्जाची पहिली मशीन फाएमा या कंपनीत बनली. तिचा मालक एर्नेस्तो वालेंते. दोघांचं फार काळ पटलं नाही. वालेंतेला मशीन स्वस्त करून गल्लीतल्या प्रत्येक बारमध्ये पोचवायचं होतं, गाज्जाला ते उंची वस्तू म्हणून ठेवायचं होतं. वाटा वेगळ्या झाल्या आणि गाज्जाने स्वतःच्या नावाने धंदा वाढवला.

१९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात मोका बार सुरू झाला. उद्घाटनाला इटालियन सिनेतारका जिना लोलोब्रिजिदा आली होती आणि काउंटरवर मशीन होतं गाज्जाचं. तिथून ब्रिटनमध्ये तरुणांच्या कॉफी बारची लाट आली.

१९६१ मध्ये गाज्जा गेला. त्याच वर्षी वालेंतेच्या फाएमाने ई-६१ हे मशीन आणलं. त्यात दांडा-स्प्रिंगची जागा मोटरवर चालणाऱ्या पंपाने घेतली. जोर लावून दांडा ओढणारा हात गेला. पण दाब राहिला ९ बारच्या आसपास आणि क्रेमाही राहिली. जुन्या भागीदाराने यंत्र बदललं, गाज्जाने ठरवलेली कॉफी तशीच ठेवली.

मग आपल्या मशीनचं काय?

नाशिक हायवेवर आसनगाव-शहापूरच्या पट्ट्यात किंवा मुरबाडवरून माळशेजला जाताना कुणी छोटा कॅफे टाकला, तर त्याच्या मशीनमध्ये गाज्जाच्या याच कल्पना असतात. आणि बिघाडही ठरलेले असतात. बहुतेक वेळा मशीन मरत नाही, एखादा छोटा पार्ट मरतो.

ग्रुपचा वायसर: ज्या जागी हँडल अडकवतो तिथली रबरी रिंग. कुकरच्या रिंगसारखीच उष्णतेने कडक होते. हँडलच्या कडेने पाणी गळू लागलं किंवा हँडल नेहमीपेक्षा जास्त फिरवावं लागलं, की ती बदला. अजून जोराने आवळलं तर हँडल झिजतं, गळती थांबत नाही.

जाळी: रिंगच्या आत बसलेली बारीक भोकांची चकती. कॉफीचं तेल साचून भोकं बुजतात. आठवड्यातून एकदा काढून गरम पाण्यात धुतली तरी चवीत फरक पडतो.

पंप: घरगुती मशीनमध्ये छोटा थरथरणारा पंप असतो. टाकीत पाणी नसताना चालवला तर तो तापून जळतो. परदेशातून कुणी मशीन आणलं, तर मागची पट्टी वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. थेट प्लगमध्ये घातलं तर कॉइल जाईल.

क्षार: आपल्या भागातला सगळ्यात मोठा शत्रू. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं शहापूर तालुक्याच्या अंगणात, पण त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि इथल्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्यामुळे दुकानात बोअरचं पाणी वापरलं जातं आणि त्यात क्षार जास्त असू शकतात. बॉयलरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, मशीन हळू तापतं, नळ्या बुजतात. सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूफूल, पाण्यात मिसळून थर काढता येतो. पण बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल तर कंपनीने सांगितलेलं द्रावणच वापरा. आणि पूर्ण आरओचं पाणीही ओतू नका. बऱ्याच मशीनमधला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर पाण्यातल्या क्षारांमुळेच काम करतो.

स्प्रिंग: कुठे जुनं दांड्याचं मशीन मिळालं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हँडलमध्ये कॉफी नसताना दांडा ओढून सोडायचा नाही. समोर अडवणारं काही नसलं की स्प्रिंग दांडा झटक्यात वर फेकते. जबडे आणि मनगटं मोडली आहेत अशाने. ग्रुप खोलण्याआधी मशीन बंद, प्लग बाहेर, दाब शून्य आणि धातू गार.

आणि लग्नातलं मशीन?

ते गाज्जाच्या आधीच्या जगातलं आहे. त्यात सगळा भरवसा वाफेवर, म्हणून त्याचे तीन पार्ट जिवाशी संबंधित आहेत: दाबाचा काटा, पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह सतत फुसफुसतो म्हणून तारेने बांधला किंवा तिथे साधा बोल्ट ठोकला, तर ते मशीन कॉफीचं राहत नाही, बॉम्ब होतं. पाणी आटलेलं असताना हीटर चालू ठेवणं तेवढंच धोक्याचं. कॅटरिंगच्या कामाला जात असाल तर सकाळी मशीन लावण्याआधी या तीन गोष्टी बघा. काटा शून्यावर येत नसेल किंवा व्हॉल्व्ह मोकळा हलत नसेल, तर त्या दिवशी मशीन लावू नका. चहा उकळा, पाहुणे रागावणार नाहीत.

यातलं बरंचसं काम अवघड नाही. आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन केलेला मुलगा, मोटर-पंप दुरुस्त करणारा मिस्त्री, हे दोघेही वायसर, पंप, व्हॉल्व्ह आणि कॉइल रोज हाताळतात. कॉफी मशीनमध्येही हेच आहे, फक्त स्टील जरा जास्त चकचकीत. किन्हवली-सरळगाव रस्त्याने शहापूरहून मुरबाडला जाताना असे कितीतरी हात दिसतील. कॅफेवाल्याने कल्याण किंवा ठाण्याहून माणूस येईपर्यंत चार दिवस दुकान बंद ठेवायचं, की रिंगचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मापून पार्ट मागवायचा, एवढाच प्रश्न आहे.

माप घ्यायला व्हर्निअर कॅलिपर पुरतो. जुना पार्ट फेकू नका, त्याचा फोटो आणि मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवा. नवा पार्ट मागवताना तेच दोन फोटो सगळ्यात जास्त कामाला येतात.