सर जॉर्ज विल्यम्स

दरवर्षीं जून महिन्यांत आमच्या वर्गांतून मॉनिटर, खेळाचे कप्तान आणि वाङ्मयमंडळाचे चिटणीस निवडले जातात, आणि दरवर्षीं आम्हांस एकच देखावा दिसतो. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याची जीभ चपळ, त्याच्या पदरांत मुलांचीं मतें पडतात. दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे मात्र मंडळाचें खरें काम कोणी तरी दुसराच, मागच्या बांकावरचा एखादा मुलगा, निमूटपणें करीत असलेला आढळतो. अशा मागच्या बांकावरच्या मुलांसाठीं, आणि त्यांच्या आईबापांसाठींही, यंदा आम्ही एका कापडदुकानदाराचें चरित्र निवडलें आहे. हा गृहस्थ विद्वान नव्हता, नामांकित वक्ताही नव्हता. शाळा तर त्याची लहानपणींच सुटली. असें असून त्यानें लावलेलें रोप त्याच्या डोळ्यांदेखत जगभर पसरलें. वाय्. एम्. सी. ए. हीं अक्षरें ज्यांनीं मुंबईंत किंवा अन्यत्र एखाद्या इमारतीवर वाचलीं असतील, त्यांस त्या रोपाचें नांव निराळें सांगावयास नको.

जॉर्ज विल्यम्स याचा जन्म ११ ऑक्टोबर १८२१ रोजीं इंग्लंडांत सॉमरसेट परगण्यांतील डल्व्हर्टन गांवाजवळ अ‍ॅशवे नांवाच्या शेतावर झाला. आठ भावांत तो सर्वांत धाकटा. टिव्हर्टन येथें थोडेंसें शिक्षण झाल्यावर तो घरच्या शेतावर राबूं लागला. एके दिवशीं वाळल्या गवतानें भरलेली गाडी तो हांकीत असतां ती उलटली, आणि हा मुलगा शेतीच्या उपयोगाचा नाहीं असें घरच्या मंडळींनीं ठरवून टाकलें, अशी गोष्ट त्याच्या घराण्यांत सांगत असत. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, पुढें लवकरच जॉर्ज ब्रिजवॉटर येथें होम्स नांवाच्या कापडव्यापाऱ्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून लागला, हें खरें आहे. एका कामांत मुलगा फसला म्हणजे तो सर्वच कामांत फसणार, असें आपण पालक आणि शिक्षक किती घाईनें म्हणतों, तें येथें क्षणभर मनांत आणावें.

ब्रिजवॉटरच्या दुकानांत तो दोन गोष्टी शिकला. पहिली, कापड मोजणें आणि गिऱ्हाईक ओळखणें. दुसरी गोष्ट अधिक खोल होती. १८३७ सालीं तेथील एका लहान उपासनामंदिरांत बसला असतां त्याच्या मनाचा पालट झाला, आणि धर्म ही रविवारीं घालावयाच्या कोटासारखी वस्तु नव्हे, अशी त्याची खातरी झाली. या दोन्ही शिक्षणांची त्याच्या आयुष्यांत पुढें अशी कांहीं गुंफण झाली कीं, एक कोठें संपतें आणि दुसरें कोठें सुरू होतें हें सांगणें कठीण.

१८४१ सालीं विल्यम्स लंडनला आले आणि सेंट पॉल कॅथीड्रलच्या समोर असलेल्या हिचकॉक आणि रॉजर्स या पेढीवर नोकरीस राहिले. वार्षिक पगार चाळीस पौंड. त्या पेढीवर सुमारें एकशें चाळीस तरुण कामास होते. त्या काळीं कापडाच्या दुकानांतील नोकराचें जिणें कसें असे, याची आमच्या विद्यार्थ्यांस कल्पना येणार नाहीं. सकाळीं सातापासून रात्रीं नवापर्यंत, आणि हंगामांत त्याहूनही उशिरापर्यंत, उभ्यानें काम. रात्रीं दुकानाच्याच वरच्या मजल्यावर कोंदट खोल्यांत निजावयाचें, आणि पुष्कळदां एका बिछान्यावर दोघांनीं. खेड्यांतून आलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा, आईबाप दूर, ओळखीचें घर नाहीं, वाचावयास पुस्तक नाहीं. काम सुटल्यावर त्याच्यासाठीं उघडें असलेलें दार बहुधा एकच, तें दारूच्या गुत्त्याचें. गिरणीच्या चाळींत किंवा खानावळींत दिवस काढणाऱ्या कोंकणच्या तरुणांची हकीकत ज्यांनीं आपल्या घरांत ऐकली आहे, त्यांना हें चित्र परकें वाटूं नये.

विल्यम्स यांनीं या स्थितीविरुद्ध सभा भरवली नाहीं कीं वर्तमानपत्रांत पत्र धाडलें नाहीं. शेजारच्या बिछान्यावरच्या सोबत्यापासून त्यांनीं आरंभ केला. एकास सांगितलें, मग दोघे मिळून तिसऱ्याकडे गेले. वरच्या एका निजावयाच्या खोलींत रोज थोडे जण प्रार्थनेस व पवित्र शास्त्राच्या वाचनास जमूं लागले. त्या वेळची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. दुकानांतील एक तरुण या मंडळींची सारखी टर उडवी आणि इतरांसही फितवी. त्याच्याशीं वाद घालावा असें कोणास वाटलें, कोणास त्याच्याशीं बोलणेंच सोडावेंसें वाटलें. विल्यम्स यांनीं मात्र एवढीच चौकशी केली कीं, या माणसास विशेष आवडतें तरी काय? उत्तर आलें, कालवें. झालें! वर्गणी काढून कालवांच्या जेवणाचा बेत ठरला आणि त्या तरुणास मुख्य पाहुणा म्हणून बोलावलें. जेवणांत उपदेशाचा एक शब्दही कोणी काढला नाहीं. तो मनुष्य पुढें प्रार्थनासभेस येऊं लागला आणि मूळच्या सभासदांत गणला गेला. गिऱ्हाइकास काय हवें तें आधीं जाणावें, आपला माल मागून दाखवावा, हा दुकानांतला धडा तरुण विल्यम्स यांनीं कोठें वापरला तें पाहावें.

मे १८४४ च्या अखेरीस एका रविवारीं संध्याकाळीं एडवर्ड बोमाँट नांवाच्या सोबत्याबरोबर उपासनेस जात असतां विल्यम्स यांनीं आपल्या मनांतला विचार त्यास सांगितला. आपल्या पेढींत जें चाललें आहे, तें लंडनमधील प्रत्येक कापडाच्या दुकानांत कां चालूं नये? ६ जून १८४४ रोजीं बारा तरुण त्या वरच्या खोलींत जमले आणि संस्था स्थापन झाली. तिचें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन हें नांवसुद्धां विल्यम्स यांनीं दिलेलें नाहीं. तें ख्रिस्टोफर स्मिथ या त्यांच्या खोलींतल्या सोबत्यानें सुचविलें. ते बारा जण चर्च ऑफ इंग्लंड, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट आणि मेथॉडिस्ट अशा चार पंथांचे होते. त्या काळीं हे पंथ एकमेकांच्या दारांतही पाऊल टाकीत नसत. आपल्या पंथाचा झेंडा पुढें न रेटतां काम करावयाचें, ही अट पहिल्याच दिवशीं मान्य झाली नसती तर दुसरी सभा भरली असती कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

येथें आमच्या स्वतःच्या एका फजितीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाहीं. कॉलेजांत असतां आम्ही एका तरुणांच्या मंडळाचे चिटणीस होतों. पत्रें आम्हीच लिहावीं, वर्गणी आम्हीच गोळा करावी, खुर्च्या आम्हीच मांडाव्या, आणि शेवटीं आभारही आम्हीच मानावे. आम्ही परीक्षेसाठीं दोन महिने रजा घेतली आणि मंडळ बंद पडलें. लोक आळशी, असें त्या वेळीं आम्हीं सर्वांस सांगितलें. विल्यम्स यांचें चरित्र वाचल्यावर दोष कोणाचा होता तें कळलें.

कारण विल्यम्स यांनीं नेमकें उलट केलें. पेढीचे मालक जॉर्ज हिचकॉक यांचें मन आपल्या नोकरांच्या वर्तनानें आधींच वळलें होतें. त्यांस त्यांनीं संस्थेचे खजिनदार केलें. १८४५ च्या आरंभींच टार्ल्टन नांवाच्या पगारी चिटणिसाची नेमणूक झाली, म्हणजे रोजचें काम ज्याला पुरता वेळ आहे अशा माणसाकडे गेलें. त्याच वर्षीं व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ती पुढें एक्झेटर हॉलमध्यें भरूं लागली. व्यासपीठावर नामांकित वक्ते बसले, विल्यम्स मंडळींत बसले. १८५१ सालीं अध्यक्षस्थान लॉर्ड शॅफ्ट्सबरी यांस दिलें गेलें, आणि १८८५ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत तें त्यांच्याकडेच राहिलें. संस्थापक स्वतः अध्यक्ष झाले ते १८८६ सालीं, म्हणजे स्थापनेनंतर बेचाळीस वर्षांनीं! या बेचाळीस वर्षांत त्यांचें काम कोणतें? नवख्या तरुणाचा हात धरून त्यास आंत आणणें, त्याचें नांव लक्षांत ठेवणें, आणि त्याला पेलेल असें एखादें काम त्याच्या हवालीं करणें.

पेढींतही त्यांचा उत्कर्ष होत गेला. विक्री करणारे होते ते माल खरेदी करणारे झाले. १८५३ सालीं हिचकॉक यांची कन्या हेलन हिच्याशीं त्यांचा विवाह झाला, ते भागीदार झाले आणि पेढीस हिचकॉक, विल्यम्स आणि कंपनी हें नांव मिळालें. १८६३ सालीं सासरे वारल्यावर कारभाराचा सर्व भार त्यांच्यावर आला. आतां खरी कसोटी होती. ज्यानें नोकर असतां नोकरांचीं दुःखें पाहिलीं, तो मालक झाल्यावर काय करतो? आम्हांस त्यांचें निर्भेळ स्तोत्र गावयाचें नाहीं. दुकानें लवकर बंद व्हावीं या चळवळीस त्यांच्या संस्थेंतील मंडळींचा पाठिंबा होता, आणि आपल्या नोकरांच्या चालीरीतींची व आत्म्याची त्यांना मनापासून काळजी असे. परंतु नोकरांनीं दुकानाच्याच इमारतींत राहण्याची पद्धत त्या धंद्यांत विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली आणि त्यांची पेढी त्याला अपवाद नव्हती. व्यवस्था बदलण्यापेक्षां माणूस बदलण्यावर त्यांचा भर होता. हा भर पुरेसा होता कीं नाहीं, याविषयीं आमच्या शिक्षकांच्या खोलींतही एकमत झालें नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या वादविवादमंडळांत हा प्रश्न घ्यावा.

पैशाच्या बाबतींत मात्र त्यांचें वर्तन दुकानदारास शोभेल असें चोख होतें. ज्या एक्झेटर हॉलमध्यें संस्थेचीं व्याख्यानें गाजलीं, तें १८८० सालीं विकलें जाण्याची वेळ आली. विल्यम्स यांनीं प्रथम स्वतःच्या नांवावर पांच हजार पौंडांचा आंकडा टाकला आणि मग यादी घेऊन मित्रांकडे गेले. आणखी चौघांनीं तितकीच रक्कम दिली. १८८१ सालीं तें सभागृह संस्थेच्या ताब्यांत आलें. वर्गणी मागावयास जाणाऱ्या आमच्या स्काउटांनीं आणि स्नेहसंमेलनाच्या चिटणिसांनीं त्या यादीचा पहिला आंकडा कोणाचा होता, तेवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

तोंवर संस्था इंग्लंडाबाहेर गेली होती. १८५१ सालीं लंडनमध्यें मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें, त्यास देशोदेशींचे लोक आले, आणि परत जातांना या कल्पनेचें बीं घेऊन गेले. त्या वर्षीं ब्रिटनमध्यें चोवीस शाखा आणि २,७०० सभासद होते. वर्ष संपण्यापूर्वीं माँट्रियल व बोस्टन येथें शाखा निघाल्या. १८५५ सालीं पॅरिस येथें नव्याण्णव प्रतिनिधी जमले आणि जागतिक संघाचा पाया घातला गेला. त्यासाठीं खटपट करणाऱ्यांत जिनीव्हाचा हेन्री ड्युनांट नांवाचा तरुण होता. देशोदेशींच्या मंडळांशीं पत्रव्यवहार कसा ठेवावा आणि परक्या माणसांस एका कामाला कसें जुंपावें, हें तो येथें शिकला. पुढें त्याच्याच प्रेरणेनें रेडक्रॉस उभा राहिला. मुंबईची शाखा १८७५ सालीं निघाली. बास्केटबॉलचा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील या संस्थेच्या शिक्षणशाळेंत नेस्मिथ यांनीं, आणि व्हॉलीबॉल १८९५ सालीं होलिओक येथील शाखेंत मॉर्गन यांनीं शोधून काढला. आमच्या पटांगणावर संध्याकाळीं जो गोंगाट चालतो, त्याचा उगम असा त्या कापडाच्या दुकानापर्यंत जाऊन पोंचतो. विल्यम्स यांनीं स्वतः यांतला एकही खेळ काढला नाहीं, आणि दूरच्या शाखांत काय चालावें याचा हुकूमही लंडनहून सोडला नाहीं.

१८९४ सालीं संस्थेचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्यें साजरा झाला. व्हिक्टोरिया राणीनें विल्यम्स यांस सर ही पदवी दिली आणि लंडन शहरानें आपलें नागरिकत्व अर्पण करून त्यांचा गौरव केला. एप्रिल १९०५ मध्यें जागतिक संघाची पन्नास वर्षें पुरीं झालीं, तेव्हां त्र्याऐंशीं वर्षांचे विल्यम्स अशक्त प्रकृतीनेंही पॅरिसला गेले. तेथून ते परतले ते थकूनच. ६ नोव्हेंबर १९०५ रोजीं टॉर्की येथें त्यांचा अंत झाला. सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरांत, जेथें नेल्सन आणि वेलिंग्टन यांच्या कबरी आहेत तेथें, त्यांस मूठमाती देण्यांत आली. चाळीस पौंडांवर लागलेला तो नोकर चौसष्ट वर्षें ज्या घुमटाच्या सावलींत कापड विकीत होता, त्याच घुमटाखालीं तो विसावला. दुकानाच्या दारापासून तें ठिकाण फार तर दोन मिनिटांच्या वाटेवर होतें.