बोर्डो मिश्रणाचे जनक प्रा. मिलार्दे

फळछाटणी उरकली की जुन्नर, नारायणगावापासून बारामती, इंदापूरपर्यंत द्राक्षबागायतदाराच्या घरात मोरचूद आणि कळीचा चुना येऊन पडतो. मिश्रणाला बोर्डो का म्हणतात, हे मात्र बांधावर विचारले तर सांगणारे थोडेच. बोर्डो हे फ्रान्समधले बंदराचे शहर, तांबड्या वाईनसाठी नावाजलेले. तिथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्रा. अलेक्सी मिलार्दे यांनी हे औषध शेतकऱ्याच्या हाती दिले.

त्यांचा जन्म १८३८ चा. आधी वैद्यकी शिकले, मग जर्मनीत वनस्पतिशास्त्र. १८७६ मध्ये बोर्डोला आले तेव्हा द्राक्षशेती संकटात होती. अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा ही कीड मुळ्यांतला रस शोषून बागाच्या बागा वाळवत होती. उपाय म्हणून अमेरिकन खुंटावर कलमे सुरू झाली. मिलार्दे यांनीही संकर करून खुंट तयार केले. आपण डॉगरिज लावतो तो क्षार आणि पाणीटंचाईसाठी, त्यांच्याकडे मात्र खुंटाशिवाय बागच टिकत नव्हती. त्यातच १८७८ च्या सुमारास अमेरिकेतूनच केवडाही येऊन पोचला. आगीतून फुफाट्यात! पाने गळायची, घड पिकायचे नाहीत, वाईन पाणचट व्हायची.

१८८२ च्या ऑक्टोबरात ते साँ-ज्युलियाँ गावच्या शिवारातून चालले होते. बाकीच्या वेली उघड्याबोडक्या, रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या आणि पानांवर निळसर थर. बोकायू मळ्याचे व्यवस्थापक एर्नेस्त दाव्हिद यांच्याकडे चौकशी केली, तर निघाले भलतेच. येणारे-जाणारे घड तोडतात, म्हणून द्राक्षे विषारी दिसावीत यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडला होता. रस्त्याकडेला बाग असलेल्यांना हे दुखणे वेगळे सांगायला नको.

मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गायों यांना सोबत घेतले. दाव्हिद यांनी मळ्यात चाचण्या घेतल्या आणि १८८५ मध्ये प्रमाण जाहीर झाले: १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद, ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना, दोन्ही एकत्र. हे दाट मिश्रण मजूर लहान झाडूने पानांवर शिंपडत. पुढे प्रमाण उतरत गेले. आपले १ टक्क्याचे बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. लोखंडी चाकू बुडवून तांबूस थर आला तर चुना कमी पडला समजावे, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

मिलार्दे १९०२ मध्ये बोर्डोतच वारले. दाव्हिद यांचे नाव मागे पडले, हे काही बरे झाले नाही. बोकायूचा मळा १९४१ पासून बोरी घराण्याकडे आहे आणि तिथे आजही तांबडी वाईनच होते.